तळ्याच्या पाण्यापुढचं शून्य

१८ जानेवारी

ती. वन्सं यांना,
सा. न.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उशिराचं कारण नेहमीचंच, काम. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही हे खरं तर माझ्या पथ्यावर पडलंय. ऑफिसात मी जे काही लिहिते ते आधी वकील वाचतात, मग प्रसिद्धीवाले ते मऊ करतात, आणि बाहेर जाईपर्यंत त्यात माझं असं काही उरत नाही. तुम्हाला लिहिलेलं तेवढं कोणी तपासत नाही.

परवा मला बक्षीस मिळालं. तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये पर्यावरणाचं काम करणाऱ्यांसाठी असतं ते. स्टेजवर उभी राहून नेहमीचं वाक्य म्हटलं, की आमची कंपनी जेवढं पाणी वापरते त्याहून जास्त पाणी काही वर्षांत परत देऊ लागेल. टाळ्या पडल्या. नव्या बुटांनी टाचा सोलून निघाल्या होत्या. खाली उतरल्यावर आधी बाथरूम गाठली, बूट काढले आणि गार फरशीवर नुसती उभी राहिले. बक्षीस काचेचं आहे, पानाच्या आकाराचं. कसलं पान ते कळत नाही. तुमचा भाऊ असता तर म्हणाला असता, पेपरवेट म्हणून बरं आहे. म्हणून मी ते कागदांवरच ठेवलंय.

तुमच्या गावाबाहेरचं आमचं डेटा सेंटर सुरू झालं. तुमचा लंबू तिथे रुजू झाल्याचंही कळलं. मी नुसता शब्द टाकला होता. मुलाखत त्याची त्यानेच दिली. कूलिंगच्या पाळीचा इंजिनिअर म्हणजे जबाबदारीचं काम. तिथली संगणकांची यंत्रं रात्रंदिवस तापतात. तापात माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवतात तसं त्यांना सतत गार ठेवावं लागतं, आणि त्याला पाणी लागतं, भरपूर. पण तुम्ही काळजी करू नका. मंजुरी देताना मी अट घातली होती की गावाच्या तळ्याला हात लावायचा नाही, सांडपाणी शुद्ध करून तेच वापरायचं. त्या एका अटीसाठी वर्षभर भांडले. तळ्यातलं पाणी घेतलं जाणार नाही, हा माझा शब्द.

भाऊजींची लॉन्ड्री कशी चाललीय? त्यांना नमस्कार.

तुमची,
नवी


५ फेब्रुवारी

प्रिय नवीस,
अनेक आशीर्वाद.

बक्षिसाबद्दल शाबास. तू या घरात येऊन केस पिकवलेस तरी मी तुला नवीच म्हणणार. तुझ्यानंतर या घरात कोणी नवं आलंच नाही, त्याला मी काय करू. लंबूला सांगून थकले.

हे विचारत होते, तुझ्या हुद्द्याला काय म्हणतात, कारण शेजाऱ्यांना सांगायचं होतं. मी म्हटलं, शाश्वतता विभागाची प्रमुख. यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "शाश्वत म्हणजे कायमचं. म्हणजे नोकरी पर्मनंट आहे." मी मान हलवली. आता आमच्या गल्लीत तू पर्मनंट आहेस.

लॉन्ड्री ठीक चालली आहे. हॉस्पिटलच्या चादरी रोज येतात, शिवाय दोन लॉजचं काम आहे. नवा ड्रायर घेतला, तो जरा खाऊ आहे, दर आठवड्याला एखादा उशीचा अभ्रा गिळतो. लंबूने लॉन्ड्री बघावी असं यांच्या मनात होतं, तुला ठाऊक आहे. आता म्हणतात, बरं झालं, पोराचं आयुष्य वाफेत गेलं नाही. लंबूला न्यायला कंपनीची गाडी येते. गळ्यातलं ओळखपत्र तो जेवतानाही काढत नाही. वरणात बुडालं एकदा.

तू दमलेली वाटतेस. बुटांचं लिहिलंस त्यावरून म्हणते. चार दिवस इकडे ये.

तुझी,
वन्सं


९ मार्च

ती. वन्सं यांना,
सा. न.

यायचं ठरवत होते तेवढ्यात ऑफिसात फेरबदल झाले. माझा विभाग आता प्रसिद्धी विभागाच्या हाताखाली गेला आहे. याचा अर्थ तुम्हाला पत्रात कसा सांगू? समजा, स्वयंपाकी होता आणि त्याला एके दिवशी सांगितलं की यापुढे तू मेन्यूकार्ड छापणाऱ्याला विचारून स्वयंपाक कर. माझे नवे साहेब माझ्याहून बरेच लहान आहेत. हुशार आहेत, वागायला गोड आहेत. मीटिंगमध्ये मी आकडे सांगते तेव्हा ते म्हणतात, "यातली गोष्ट काय आहे?" मी सांगते, गोष्ट नाही, आकडे आहेत. ते हसतात आणि लिहून घेतात.

माझ्या टीममधली तीन माणसं दुसरीकडे गेली. उरलेल्या दोघांना मी जेवायला नेलं. बोलायला काही नव्हतं, म्हणून जेवण चांगलं झालं.

माझी काळजी करू नका. वार्षिक अहवाल ऑगस्टमध्ये निघतो. तो झाला की येते.

तुमची,
नवी


२१ एप्रिल

प्रिय नवीस,
आशीर्वाद.

तुला त्रास द्यायचा नाही म्हणून लिहीत नव्हते. इथे पाण्याची ओढाताण सुरू झाली आहे. नळ एक दिवसाआड येतो, आणि येतो तोही करंगळीएवढा. उन्हाळ्याला दरवर्षी थोडं कमी होतंच, पण असं कधी नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात हे दोनदा जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, तळं खाली गेलंय. हे म्हणाले, ते दिसतंय मला, का गेलंय ते सांगा. तर म्हणाला, ऊन फार आहे.

लॉन्ड्री आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवावी लागते. हॉस्पिटलवाले अजून थांबले आहेत, पण चादरींना थांबता येत नाही. हे पहाटेपासून पिंपाजवळ खुर्ची टाकून बसतात. पाणी आलं की आधी पिंपाचा आवाज येतो म्हणे. मला तो येत नाही, मी यांचा चेहरा बघते.

लोक काहीबाही बोलतात. तुमच्या कंपनीच्या त्या गोदामाकडे बोट दाखवतात. मी त्यांना तुझं जानेवारीतलं पत्र सांगितलं, की आमच्या नवीने शब्द दिलाय. तेव्हा गप्प बसले. तरी तुला विचारते, तू एकदा बघशील का?

तुझी,
वन्सं


३ मे

ती. वन्सं यांना,
सा. न.

पत्र मिळाल्यावर लगेच बघितलं. प्रत्येक डेटा सेंटरमधून दर महिन्याला माझ्याकडे आकडे येतात. तुमच्याकडच्या तळ्याच्या पाण्यापुढे सगळ्या महिन्यांत शून्य आहे. एक लिटरही नाही. त्यामुळे कारण दुसरं काहीतरी असणार. यंदा पाऊस कमी होता, वर बाष्पीभवन, शिवाय जुन्या पाइपांमधून गळती होते. बहुतेक गावांत निम्मं पाणी गळतीतच जातं. भाऊजींनी पाणीपुरवठ्याकडे गळतीच्या तपासणीची मागणी करावी. हवं तर मी अर्जाचा मसुदा पाठवते.

लोक डेटा सेंटरकडे बोट दाखवतात याचं मला नवल वाटत नाही. मोठी भिंत दिसली की माणूस तिच्यावरच खापर फोडतो. पण आकडे माझ्यासमोर आहेत, वन्सं.

तुमची,
नवी


२७ जून

ती. वन्सं यांना,
सा. न.

माझ्या मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. ते पत्र मी काल पुन्हा आठवून पाहिलं आणि तुम्ही का लिहिलं नाहीत ते कळलं. मी तुम्हाला अर्जाचा मसुदा देऊ करत होते.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या गावात येऊन गेले. तुमच्याकडे आले नाही. आधी सांगते काय झालं ते, मग रागवा.

विजेचे आकडे बघताना एक गोष्ट खटकली. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचं वीजबिल जवळजवळ काहीच नव्हतं. पंप चालतात तर बिल यायला हवं. म्हणून न कळवता गेले. शुद्धीकरण केंद्राच्या जागी काँक्रीटचा एक मोठा हौद आहे, कोरडा. त्यात गवत उगवलंय आणि एक कुत्री पिल्लांसह राहते. तिथून आत यंत्रांकडे गेले. पाणी व्यवस्थित खेळत होतं. प्रकल्पप्रमुखाला विचारलं, "हे पाणी कुठून येतं?"

"तात्पुरती सोय केली आहे, मॅडम."

"कुठून?"

"तळ्यातून."

"माझ्याकडे शून्य येतं."

"ते बांधकामाच्या पाण्यात धरतो. कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर."

मी म्हटलं, बांधकाम संपून सहा महिने झाले. त्याने खाली बघितलं. मग म्हणाला, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि उद्घाटनाची तारीख ठरलेली होती."

माणूस वाईट नाही. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी तो चहा प्यायले, वन्सं. मला वाटलं होतं मी कडाडेन. पण रागवायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

लंबूची पाळी आहे का, विचारलं. नव्हती. बरं वाटलं. त्याला यातलं काही ठाऊक नसावं.

इथे येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, केंद्र पुढच्या वर्षी सुरू होणारच आहे, म्हणजे पुढच्या वर्षी शून्य होणारच आहे, आपण फक्त ते थोडं आधी लिहितोय. अहवालात 'तळी व नद्यांतून घेतलेलं पाणी' या ओळीपुढे शून्य छापायचं आहे आणि खाली माझी सही हवी आहे.

तुमच्या दाराशी रिक्षा थांबवली होती मी. लॉन्ड्रीचं शटर खाली होतं. दुपार होती, भाऊजी झोपले असतील असं स्वतःला सांगितलं आणि रिक्षा वळवली. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

तुमची,
नवी


११ जुलै

प्रिय नवीस,

शटर दुपारमुळे खाली नव्हतं. मे संपताना हॉस्पिटलने काम दुसरीकडे दिलं. लॉजवाले आधीच गेले होते. तुला लिहिलं नाही, कारण तू म्हणाली होतीस आकडे तुझ्यासमोर आहेत.

आता मीही सांगते, कारण तू सांगितलंस. पाणी कुठे जातं ते मला एप्रिलपासून माहीत आहे. तुला ते पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. हे पिंपाजवळ बसले होते. लंबू पाळीवरून येऊन जेवायला बसला, तेव्हा हे सहज म्हणाले, "आज पण नाही रे आलं." लंबू भरल्या ताटावरून उठला. मी त्याच्या मागे जिन्यात गेले. तो पायरीवर बसला होता. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "आई, ते मीच वळवतो." तळ्याकडचा व्हॉल्व्ह त्याच्या पाळीत आहे. उघडला नाही तर यंत्रं तापतात आणि नोकरी जाते. उघडला की बाप पिंपाजवळ बसतो.

यांना मी सांगितलेलं नाही. लंबूलाही सांगू दिलेलं नाही. तेव्हापासून तो घरी नीट जेवत नाही. ओळखपत्र दाराबाहेरच काढून खिशात ठेवतो.

म्हणून तुला सांगते. तू सही करून टाक. लॉन्ड्री गेली ती गेली, ते पाणी आता परत चादरींना लागायचं नाही. घर लंबूच्या पगारावर चाललंय. तू बोललीस तर ते आधी कोणाला धरतील? व्हॉल्व्ह ज्याच्या हातात, त्यालाच. तुझ्या साहेबाला कोणी धरणार नाही.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. भाऊ गेला तेव्हाही नाही. एवढं कर. आणि सध्या इकडे येऊ नकोस.

वन्सं


२४ ऑगस्ट

ती. वन्सं यांना,
सा. न.

तुम्ही पहिल्यांदा काही मागितलंत आणि ते मला करता आलं नाही. तुमचं पत्र पर्समध्ये ठेवून महिनाभर हिंडले. अहवालाचं पान समोर आलं तेव्हा पेनही हातात घेतलं. मग तुम्ही लोकांना सांगितलंत ते आठवलं, आमच्या नवीने शब्द दिलाय. ते शून्य माझ्या नावानेच तुमच्या गल्लीत फिरलेलं आहे. त्यावर पुन्हा सही करणं मला जमेना.

मी खरा आकडा लिहिला. साहेबांनी तो खोडला. मी परत लिहिला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुम्ही दमला आहात, थोडी सुट्टी घ्या." दमले होते हे खरं होतं. मी सुट्टी घेतली नाही, राजीनामा दिला. आज अहवाल निघाला. शून्य आहे आणि खाली साहेबांची सही आहे.

तुमच्या गावाच्या पाणीपुरवठ्याला आणि त्यांच्या वरच्या कार्यालयाला मी माझ्या नावानिशी लेखी कळवलं आहे. सुनावणी लावतील. त्या पत्रात मी लिहिलंय की आकड्यांची जबाबदारी माझी होती आणि मंजुरी माझ्या सहीने गेली. लंबूचं नाव मी कुठे घेतलेलं नाही, घेणारही नाही. सुनावणीला मी येणार नाही, तुम्ही येऊ नकोस म्हणालात.

इतकी वर्षं काय केलं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं आहे थोडं. जुनी यंत्रं भंगारात जायची ती दुरुस्त होऊ लागली. कोळशाची वीज कमी केली. ते खोटं नव्हतं. पण मी जेवढं वाचवायचे त्याच्या कितीतरी पट कंपनी दरवर्षी वाढायची. सरकत्या जिन्यावर उलटं चढावं तसं चाललं होतं, आणि मी चढतेय याचे फोटो निघत होते.

घरी आहे. सकाळी जाग येते आणि कुठे जायचं नसतं. पडून राहते.

लंबू रागावला असेल. रागावू दे. भाऊजींना माझा नमस्कार सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची,
नवी


१६ डिसेंबर

प्रिय नवीस,
आशीर्वाद.

पाच महिने तुला लिहिलं नाही. तुझी दोन कार्डं आली, ती वाचून ठेवून दिली. राग होता. खोटं कशाला बोलू. लंबूने तर तुझं नाव काढायला बंदी केली होती.

काल सुनावणी झाली, शाळेच्या हॉलमध्ये. गाव लोटलं होतं. समोर टेबलाशी वरच्या कार्यालयातल्या बाई बसल्या होत्या, एका बाजूला तुमच्या कंपनीचे वकील, आणि त्यांच्यामागे कंपनीची माणसं. त्यांत लंबू. त्याला इस्त्रीचा शर्ट घालून आणून बसवलं होतं. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत. मला लांबचं काही ऐकू येत नाही, म्हणून हे वहीच्या कागदावर मला लिहून देत होते.

वकील बराच वेळ बोलले. यांनी लिहिलं, 'म्हणतात नवी कामावरून नाराज होती. आकडा रागाने लिहिला. पाणी बांधकामाचं.' मी वाचलं आणि कागद उलटा केला. मग वकिलांनी लंबूला उभं केलं. त्याने एवढंच म्हणायचं ठरलं होतं की तळ्याकडची लाइन बांधकाम संपल्यावर बंद झाली. हे त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, म्हण.

तो उभा राहिला. ओठ हलले. आणि हॉलमधली सगळी माणसं एकदम आमच्याकडे वळली. यांच्याकडे. यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी कागद बघितला, कोरा. मी यांना हलवून विचारलं, "काय म्हणाला?" हे काही लिहीनात. मला वाटलं मी हळू विचारलं, पण मला माझा आवाज कळत नाही. सगळ्या हॉलला ऐकू गेलं असणार, कारण लंबूने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं, "तळ्याकडची लाइन चालू आहे, आई. व्हॉल्व्ह मी उघडतो."

वकील उठले, त्यांना बाईंनी हाताने बसवलं.

हे उठून बाहेर गेले. मी घाबरले. सगळं आटोपल्यावर लंबू आणि मी बाहेर आलो तर हे फाटकाशी उभे. तिघं चालत निघालो. कोपऱ्यावर आल्यावर यांनी लंबूच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "बुटाची नाडी सुटलीय, पडशील." लंबू वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. रस्त्यातच.

निकाल असा आहे की केंद्र पुरं होईपर्यंत तळ्याची लाइन सील करायची. तुमचं गोदाम निम्मं बंद ठेवणार म्हणतात. लंबूला काढलेलं नाही, आता काढलं तर दिसेल ना. पण आज सकाळी त्याला पाळीवरून हलवून एका खोलीत बसवलं, टेबल दिलं आणि काम काही नाही. संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "नुसतं बसून इतका थकवा येतो हे माहीत नव्हतं." हॉस्पिटलचं काम काही परत येणार नाही, त्यांनी वर्षभराचा करार केलाय. हे म्हणतात, पाणी आलं की एक मशीन चालू करून बघू, कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या चादरी तरी धुऊ.

मी तुला सही कर म्हटलं होतं. तुझ्या जागी मी असते तर केली असती, आणि ते चुकलं असतं असंही मी आज म्हणणार नाही. यांचं दुकान गेलं, तुझी नोकरी गेली, पोर रिकाम्या टेबलाशी बसलंय. जिंकलो असं घरात कोणाला वाटत नाही. पण काल रात्री लंबू ताटावर बसला आणि दोनदा भात मागून घेतला.

तू एकटी पडून राहतेस ते बरं नाही. आता ये. मी लंबूला सांगितलं की मामीला बोलावतेय. तो ओळखपत्राची दोरी गुंडाळत राहिला. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, तो बहिरा असल्यासारखं. तेव्हा म्हणाला, "मी काही तिच्यासाठी बोललो नाही तिथे." मी म्हटलं, बरं. बाहेर जाऊन आला, पाणी प्यायला, पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "गाडी कितीची आहे ते विचार तिला. स्टेशनवर कोणीतरी जायला हवं."

तेवढं कळव.

तुझी,
वन्सं